वाहून गेल्याची भजी

बर्फाच्या शेवटच्या लादीला कोंडीबानं खालून खांदा दिला आणि वरून हिरासिंगनं आकडा रुतवून ती पँट्रीच्या डब्यात ओढून घेतली. ओल्या गोणपाटावरून लादी सर्रकन आत गेली, तिच्यामागं हिरासिंग आत गेला, आणि तो दारात परत येईपर्यंत गाडी हलली होती.

कोंडीबानं मान वर केली तेव्हा दार त्याच्यापासून चार हात पुढं सरकलं होतं. दारात हिरासिंग एक पाय बाहेर काढून उभा होता, उडी टाकावी की टाकू नये या विचारात. त्याचा विचार पुरा होण्याआधी गाडीनं वेग घेतला.

"उतरू नको," कोंडीबा शांतपणे म्हणाला. "हाडं मोडून घेशील. वाशिमला चहा पी अन् ये."

"दादा, माझा जेवणाचा डबा तेवढा सावलीत ठेव," हिरासिंग ओरडला. मग त्यानं फलाटावरच्या सगळ्यांना हात हलवून निरोप दिला. निरोप देण्यात त्याचा हात चांगला बसला होता, कारण हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं.

राजस्थानकडं जाणाऱ्या या गाडीला कागदोपत्री भलंमोठं नाव होतं, पण हिंगोली डेक्कनच्या फलाटावर तिला सगळे लांबडी म्हणत. भर दुपारी ती यायची, जेमतेम दम घ्यायची आणि निघायची. तेवढ्यात पँट्रीच्या डब्यात बर्फाच्या लाद्या, पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणि कांद्या-बटाट्याची पोती चढवायची, हे कोंडीबा आणि हिरासिंगचं काम. हिंगोलीचा बर्फ टणक असतो, लवकर वितळत नाही, असा पँट्रीच्या मॅनेजरचा ठाम समज होता. बर्फ सगळीकडं पाण्याचाच करतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून पोटावर पाय मारून घेण्याइतके हे दोघे खुळे नव्हते.

कामाची रीत ठरलेली होती. एक वरचा, एक खालचा. कोंडीबा खालचा. तो लादी उचलून दाराशी टेकवायचा. हिरासिंग वरचा. तो ती आत ओढायचा आणि टबापर्यंत न्यायचा. खालच्यानं वर चढायचं नाही आणि वरच्यानं आत गप्पा मारायच्या नाहीत. यातला पहिला नियम कोंडीबा पाळायचा. दुसरा हिरासिंगला पाळता येत नसे. आचाऱ्याला आज भाजी काय, मॅनेजरला पोरीचं लग्न कुठवर आलं, हे विचारल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे. पूर्वी डिझेलचं इंजिन होतं तेव्हा गाडी निघताना धूर सोडायची, गचका द्यायची, माणसाला चार गोष्टी सांगून मग हलायची. विजेचं इंजिन आलं तशी ती मुकाट्यानं निघू लागली आणि हिरासिंग जास्तच वाहून जाऊ लागला.

वाहून जाणं हा हिंगोलीच्या हमालांचा शब्द. जो वाहून गेला त्यानं परत आल्यावर सगळ्यांना भजी द्यायची, हाही त्यांचाच कायदा. स्टेशनच्या बाहेर निंबाखाली नर्मदाबाईचा भज्यांचा गाडा होता. तिथं वाहून गेलेल्या माणसाच्या गळ्यात पोत्याच्या सुतळीचा हार घालत आणि कोंडीबा दोन शब्द बोलत असे.

त्या संध्याकाळी हिरासिंग वाशिमहून एसटीनं परतला तेव्हा हार तयारच होता.

"मंडळी," कोंडीबा उभा राहून म्हणाला, "आपले हिरासिंग वाशिमचा दौरा करून आले. त्यांचे पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलुखभर हिंडायचे. तवा बैल थांबव म्हणलं की थांबायचा. ह्यांना अजून वाटून राहिलं की गाडी बी थांबन."

सगळे हसले. हिरासिंगही हसला. सुतळी मानेला टोचत होती म्हणून त्यानं हार सैल केला आणि म्हणाला, "हस, दादा. एक दिवस तू बी वाहून जाशील."

"मी?" कोंडीबानं भज्याचा तुकडा मोडला. "पुरात खांब रवला की पाणी जातं, खांब ऱ्हातो. गाडीत पाय ठेवणार न्हाई म्हणलं तर न्हाई. गाडीत मी बर्फ चढवतो. गाडीनं मला चढवलं असं कदी व्हणार न्हाई."

हे वाक्य त्यानं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो तरुण होता. नुसती फुशारकी होती ती. पण लोकांना वाक्य आवडलं, त्याला खांब म्हणू लागले, आणि मग त्याला खांबासारखं वागणं भाग पडलं. नागपूरला दीक्षाभूमीला वस्तीतली सगळी माणसं गाडीनं जात, हा एसटीनं. हा पोचेपर्यंत बाकीच्यांचं अभिवादन होऊन जेवणं चाललेली असत. नांदेडला दवाखान्यात जायचं तर हा कळमनुरीवरून जीपनं, दोन माणसांच्या जागेत चौथा बसून. गाडीत आतून कसं असतं, हे ज्याच्या हातून इतका बर्फ आत गेला त्याला ठाऊक नव्हतं.

भजी संपत आली तेव्हा त्याचा फोन वाजला. भोपाळहून लेक सपना होती. ती तिथं एका दवाखान्यात नर्स, जावई बुद्धभूषण वीज मंडळात. चार महिन्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. त्याची बायको भागूबाई बाळंतपणाला जाऊन आली. कोंडीबा गेला नव्हता.

"जय भीम, बाबा."

"जय भीम, माय. जेवली का?"

"बघा कोण आहे."

पडद्यावर एक कपाळ आणि एक डोळा दिसला. कोंडीबानं फोन लांब धरला, मग जवळ धरला. गाड्यावरची माणसं आपोआप हळू बोलू लागली.

"काय करून राहिली ती?"

"तुमची वाट बघून राहिली. बाबा, किती दिवस बिननावाची ठेवू तिला? लसीला नेलं तर माझ्याच दवाखान्यातल्या पोरी हसतात. घरात पिल्लू म्हणतात, शेजारीण गुड्डी म्हणते, दूधवाला तिसरंच काही म्हणतो. पोरगी आता कशालाही वळून बघते."

"ठेवा की मग नाव. माझं काहून अडलं?"

"तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय ठेवायचं नाही, हे मी सासरी सांगून बसले. बुद्ध पौर्णिमेला करू म्हणतात सगळे. तुम्ही या."

"उन्हाळा हाय, माय. बर्फाचं कोण बघन? पावसाळ्यात बघू."

"लग्न झाल्यावर पण पावसाळ्यात येतो म्हणाला होतात. त्याच्यानंतर दोन पावसाळे झाले."

कोंडीबा काही बोलणार तोच बाळानं फोन तोंडात घातला. पडदा काळा झाला, नुसता चोखल्याचा आवाज येऊ लागला. कोंडीबा त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिला.

"हां," तो म्हणाला. "दिसून राहिली. दिसून राहिली."

फोन बंद झाल्यावर त्यानं तो बनियनच्या खिशात ठेवला आणि हात धुवायला गेला. हात बराच वेळ धूत होता. त्याला जायचं होतं. नातीला मांडीवर घेऊन तिच्या कानात नाव सांगायचं होतं, इतकं की ते आठवलं तरी त्याच्या तळहातांना काहीतरी व्हायचं. पण भोपाळ काही जीपनं जाण्यासारखं नव्हतं, आणि एवढी वर्षं गावभर मिरवलेला खांब स्वतःच्या पायानं तिकीट काढून गाडीत चढला असता तर हसून हसून हमालांची पोटं दुखली असती. माणूस कशाकशासाठी अडून बसेल सांगता येत नाही. कोंडीबा एका वाक्यासाठी अडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी कोंडीबा टेम्पो घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेला आहे असं बघून भागूबाई फलाटावर आली. हिरासिंग खोक्यांवर आडवा झाला होता. तिला बघून उठून बसला.

"वैनी? उन्हाचं आल्या?"

भागूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि कमरेची पिशवी उघडून दोन तिकिटं दाखवली. शेजारच्या पोराकडून मोबाइलवर काढून, झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली होती. "एक माझं, एक त्यांचं. लांबडीचं. पौर्णिमेच्या आदल्या दिशी भोपाळात."

"दादाला सांगितलं?"

"सांगितलं तर कारखान्यात बर्फाच्या खोलीत जाऊन बसतील. सरळ बोटानं तूप निघणार न्हाई, हिरासिंगभाऊ." तिनं तिकिटं परत आत ठेवली. "तुमी इतक्यांदा वाहून जाता. एकदा त्यांना वाहून न्या."

हिरासिंगला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या या गुणाची कदर केली होती.

"वैनी, वाहून जायला अक्कल लागत न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. "दुसऱ्याला वाहून न्यायला लागती."

"म्हणून तर काळजी वाटून राहिली," भागूबाई म्हणाली.

तरी बेत ठरला. त्या दिवशी हिरासिंगच्या कमरेत उसण भरायची. मग वर चढायला कोंडीबाशिवाय माणूस नाही. कोंडीबा आत गेला की मॅनेजरनं त्याला बोलण्यात गुंतवायचं. भागूबाई मागच्या डब्यात आधीच बसलेली असणार, कपड्यांच्या पिशवीसह. कोंडीबा परत येईपर्यंत बर्फाच्या कामाला हिरासिंगचा भाऊ उत्तमसिंग तांड्यावरून येईल.

"फक्त कुणाला बोलू नका," भागूबाई जाताना म्हणाली.

"माझ्या पोटातून गोष्ट बाहेर यायची न्हाई," हिरासिंगनं छातीला हात लावला.

हिरासिंगच्या पोटात गुपित बर्फाइतकंच टिकायचं. मॅनेजरला सांगणं भागच होतं. मॅनेजरला सांगताना आचारी ऐकत होता. आचाऱ्यानं बाहेर फोडू नये म्हणून चहावाल्याला आचाऱ्यावर लक्ष ठेवायला सांगावं लागलं. नर्मदाबाईला सांगितलं नसतं तर तिला वाईट वाटलं असतं. प्रत्येकाला त्यानं बजावलं, की हे फक्त तुला सांगितलं आहे. त्यामुळं प्रत्येकानं दुसऱ्यासमोर काहीच माहीत नसल्याचं सोंग घेतलं, आणि त्या आठवड्यात हिंगोली स्टेशनवर कोंडीबा जवळ आला की माणसं उगाच आभाळाकडं बघू लागली.

कोंडीबा मात्र नेहमीसारखाच होता. एकदा लादीवरचा भुसा झाडता झाडता त्यानं विचारलं, "तुझा उत्तमसिंग काय करून राहिला सध्या?"

"काई न्हाई. शेतात काम न्हाई आता."

"लादी उचलता येती का त्याला?"

"उचलन की. माझ्याहून तगडा हाय."

"खांद्यावर गोणपाटाची दुहेरी घडी घेतली पायजे म्हणावं. एकेरी घेतली तर कातडं जातं," कोंडीबा म्हणाला आणि दुसऱ्या लादीकडं वळला. उत्तमसिंगचं नाव निघाल्याबरोबर आपला बेत फुटला असं हिरासिंगला वाटलं होतं. विषय सुटला याच आनंदात तो राहिला.

ठरलेला दिवस उजाडला. भागूबाईनं सकाळी नवऱ्याला सांगितलं होतं की ती जवळच गोरेगावला मावसबहिणीकडं जाऊन येते, दोन दिवसांनी येईल. "गोरेगावला एवढी मोठी पिशवी काहून?" कोंडीबानं विचारलं. तिला उत्तर सुचण्याआधी तोच म्हणाला, "ने. बहिणीकडं रिकामं जाऊ नये." आणि चप्पल घालून निघाला. चपलेचा अंगठा त्यानं आदल्या दिवशीच शिवून आणला होता.

दुपारी फलाट तापून तवा झाला होता. छपराच्या सावलीत गोणपाटाखाली लाद्या पाझरत होत्या. हिरासिंग आला तो एका पायानं लंगडत.

"काय झालं?" कोंडीबानं विचारलं.

"कमरेत उसण भरली, दादा. रातच्यानं. हलता येईना."

"कमर दुखती अन् लंगडून काहून राहिला?"

हिरासिंगनं लंगडणं थांबवलं आणि कमरेवर हात ठेवला. "दोन्ही दुखून राहिलं. खाली उभं राहून ढकलणं जमन. वर ओढणं जमायचं न्हाई. आज तू वर जा."

"मी वर चढत न्हाई, तुला ठाव हाय."

"मंग बर्फ जात न्हाई," हिरासिंग म्हणाला. हे वाक्य त्यानं घरी बायको जिवनबाईसमोर उभं राहून घोकलं होतं. "गिऱ्हाईक तुटन. वीस डब्याची माणसं गरम पाणी पितील. लेकरं बाळं हायेत गाडीत."

लेकरांबाळांचा उल्लेख बेतात नव्हता, तो आपोआप आला. कोंडीबानं त्याच्याकडं पाहिलं. कोंडीबाची दाढी गुळगुळीत केलेली होती आणि मानेवर पावडर दिसत होती. पण हिरासिंग आपल्याच कमरेत इतका गुंतला होता की त्याच्या ते लक्षात आलं नाही.

"बरं," कोंडीबा म्हणाला. "लाद्या ओढून लगेच उतरन."

"लगेच उतर. कोण न्हाई म्हणतं?" हिरासिंग घाईनं म्हणाला.

लांबडी आली. फलाटाच्या मागच्या टोकाला एक बाई पदर नाकापर्यंत ओढून, मोठी पिशवी छातीशी धरून डब्यात चढली. तिच्यासमोर चहावाला उगाच किटली घेऊन आडवा उभा राहिला. त्याची काही गरज नव्हती. कोंडीबानं त्या टोकाकडं एकदाही पाहिलं नाही.

पँट्रीच्या दाराशी तो क्षणभर थांबला. दांडी धरली, पाय उचलला, आणि चढला. हिरासिंगला हुंदका की हसू, काहीतरी येऊ लागलं, त्यानं ते लादी उचलून दाबलं.

"अरे कोंडीबाजी, आज आप ऊपर?" मॅनेजर ठरल्याप्रमाणं आश्चर्यानं म्हणाला. तो हे पाठ करून आला होता हे कुणालाही कळलं असतं.

आणि इथं बेत फसला. हिरासिंगनं घाईघाईनं लाद्या दिल्या, कोंडीबानं घाईघाईनं ओढल्या. खोकी गेली, पोती गेली. इतक्या वर्षांत काम एवढ्या झटपट कधी आटोपलं नव्हतं. सगळं संपलं आणि गाडी जागची हलेना. समोरून मालगाडी यायची होती, ती गेल्याशिवाय सिग्नल मिळणार नव्हता.

कोंडीबा दारात येऊन उभा राहिला. हातात आकडा, बनियन ओली. हिरासिंग खाली उभा. उतरायला फक्त एक पाऊल टाकायचं होतं.

"झालं का?" कोंडीबानं विचारलं.

"झालं," हिरासिंग म्हणाला. आपण हे काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळलं. "म्हंजे, न्हाई. एक लादी ऱ्हायली."

"कुठं हाय?"

हिरासिंगनं मागं पाहिलं. छपराखाली नुसतं ओलं गोणपाट आणि ओला भुसा होता. एक चिमणी त्यात अंघोळ करत होती. मॅनेजरनं बोलण्यात गुंतवावं म्हणून हिरासिंगनं त्याच्याकडं डोळे मोठे केले. पण मॅनेजरचं पाठांतर संपलं होतं. तो ऐन वेळी घाबरला आणि सवयीनं ओरडला, "उतरो, उतरो, गाडी छूटने वाली है."

हिरासिंगनं डोळे मिटले. दुरून मालगाडीचा आवाज येऊ लागला. ती आली, धडधडत बाजूच्या रुळावरून गेली, तिचे डबे संपता संपेनात. ती जाईपर्यंत कोंडीबा तसाच दारात उभा होता. ती गेल्यावर फलाटावर एकदम शांत झालं.

"आतली खोकी तिरपी लागली," कोंडीबा म्हणाला. "गचका बसला तर पडतील. नीट लावून येतो."

आणि तो वळून आत गेला.

हिरासिंगनं डोळे उघडले तेव्हा गाडी हलत होती. आवाज नाही, गचका नाही. विजेच्या इंजिनाला त्यानं मनातून हात जोडले. दार दहा हात पुढं गेलं, वीस हात गेलं, तेव्हा कोंडीबा दारात आला.

"अरे, थांबवा," तो म्हणाला. म्हणाला अशासाठी, की ओरडला असं काही म्हणता येत नव्हतं. एवढ्या आवाजात माणूस शेजाऱ्याकडं मीठ मागतो. मग त्यानं हातातला आकडा, कुणाला लागू नये असा अंदाज घेऊन, मोकळ्या फलाटावर टाकला. आकडा खणखणत हिरासिंगच्या पायाशी आला. गाडी वळणावर गेली, दारातला माणूस दांडी घट्ट धरून वाकून बाहेर बघत होता, आणि मग नुसते डबे दिसू लागले.

फलाटावर टाळ्या झाल्या. चहावाल्यानं हिरासिंगची पाठ थोपटली. कमरेत उसण भरलेला हिरासिंग दोन्ही पायांवर उड्या मारत स्टेशनच्या बाहेर आला. कुठूनतरी सुतळी मिळवून त्यानं वाटेतच हार वळायला घेतला होता, दादा परत येईल त्या दिवसासाठी.

"नर्मदाबाई," तो लांबूनच म्हणाला, "गेला. खांब गेला वाहून. म्या एकट्यानं नेला. आता दादा आला की भजी..."

तो थांबला. नर्मदाबाईच्या कढईत भजी तळली जात होती. थोडीथोडकी नव्हे, परात भरून बाजूला काढलेली होती, आणि कांद्याचा, मिरचीचा दुसरा घाणा चालू होता. अशा उन्हाच्या वेळी तिच्या गाड्यावर कुत्रंही फिरकत नसे.

"कुणाची ऑर्डर हाय?" हिरासिंगनं विचारलं.

नर्मदाबाईनं झारा कढईच्या काठावर टेकवला. "वाहून गेल्याची."

"आं?"

"कोंडीबा सकाळीच सांगून गेला. लांबडी गेली की तळायला घे म्हणला, सगळ्या हमालांना पोटभर दे. पैसे बी देऊन गेला." तिनं एक मिरची उलटी केली. "तुझ्यासाठी बिनहळदीची कर म्हणला. हळदीनं तुझा गळा खवखवतो म्हणे."

हिरासिंग बाकड्यावर बसला. हातातली अर्धवट सुतळी त्यानं मांडीवर ठेवली. गुळगुळीत दाढी, मानेवरची पावडर, उत्तमसिंगच्या खांद्यावरची दुहेरी घडी, तिरपी खोकी, सगळं एकेक करून त्याच्यासमोर येऊन बसू लागलं. खोकी तर आज कोंडीबानंच आत लावली होती, आणि हिरासिंगनं खालून पाहिलं तेव्हा ती सरळच होती.

"मायला," तो हळूच म्हणाला.

नर्मदाबाईनं वर्तमानपत्राच्या कागदावर भजी काढून त्याच्यासमोर ठेवली. त्यातलं एक तो फुंकत होता, तेवढ्यात फोन वाजला. गाडीच्या आवाजात भागूबाईचा आवाज येत होता.

"आले, हिरासिंगभाऊ. मॅनेजरनं हाताला धरून माझ्याजवळ आणून बसवलं. लई भडकलेत."

"भडकले?"

"मला म्हणतात, तू अन् हिऱ्यानं मिळून मला फसवलं. माझी इज्जत घेतली. म्हणाले, वाशिम आलं की मी उतरतो. म्या म्हणलं, उतरा. तर म्हणाले, चप्पल सापडून न्हाई राहिली."

"मंग?"

"पायातच होती. आता खिडकीपाशी बसलेत. तिकडून तोंड फिरवून न्हाई राहिले. सपनाला फोन लावला तर तिच्यावर बी ओरडले, अन् मंग विचारलं, लेकरू उठलं का. भाऊ, आपण केलं ते बराबर केलं ना? मला पाप केल्यावानी वाटून राहिलं. गरीब माणूस, काईच ठाऊक न्हाई त्यांना."

हिरासिंगनं तोंड उघडलं. गोष्ट जिभेवर आली होती. आजवर त्याच्या जिभेवर आलेली गोष्ट कधी परत गेली नव्हती. त्यानं परातीतल्या भज्यांकडं पाहिलं, मग तोंडात अख्खं भजं घातलं. ते इतकं गरम होतं की डोळ्यांत पाणी आलं.

"हॅलो? ऐकू येऊन राहिलं का?"

"व्हय, वैनी," तो घास गिळून म्हणाला. "बराबर केलं. आपण फसवलं त्यांना. लई चांगलं फसवलं. ते काय बोलतील ते बोलू द्या. परत आल्यावर म्या पाया पडून माफी मागन."

त्यानं फोन ठेवला. हमाल एकेक करून गाड्याकडं येऊ लागले होते, लांबूनच हसत, ओरडत. नर्मदाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग हिरासिंगकडं.

"तिला सांगितलं काहून न्हाई?"

"काय सांगायचं?" हिरासिंग म्हणाला. "तू बी कुणाला सांगू नको. ही भजी माझी हायेत. म्या खुशीनं दिली."

नर्मदाबाईनं त्याच्या कागदावर आणखी दोन भजी टाकली.